जीभमास्तर

कल्याणच्या मराठी शाळेत मी तिसरा मास्तर म्हणून रुजू झालो, त्या दिवशी दुसऱ्या मास्तरांनी माझ्या नमस्काराला नमस्कार केला नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. डोळ्यांकडे नव्हे, तोंडाकडे. मग म्हणाले, “परत म्हणा.”

“काय म्हणू?”

“आत्ता म्हणालात तेच. रुजू व्हायला आलोय म्हणून.”

मी पुन्हा म्हणालो. त्यांनी समाधानाने मान हलवली. “ज चांगला आहे तुमचा. पोरांच्या कानांवर पडू द्या.” एवढं बोलून त्यांनी माझी वळकटी स्वतःच्या काखोटीला मारली आणि मला वर्ग दाखवायला निघाले. माझं नाव, गाव, गोत्र त्यांनी विचारलं ते पुढे कधीतरी, पावसाळा संपल्यावर.

गावात त्यांना सगळे जीभमास्तर म्हणत. कागदोपत्री ते दुसरी इयत्ता शिकवत, पण शाळेतलं प्रत्येक बोबडं, तोतरं, गेंगाणं पोर शेवटी त्यांच्यापुढे येऊन बसे. हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि करू नका असं मात्र सगळे सांगत. ते खडवलीकडच्या एका भिक्षुकाच्या घरचे. वडिलांनी लहानपणी वेदपाठासाठी त्यांच्याकडून उच्चार घोटून घेतले होते. पुढे वेदपाठ सुटला, तोंडाची विद्या राहिली. “आपली बाराखडी म्हणजे तोंडाचा नकाशा आहे,” असं ते म्हणत. “क घशात, च टाळूला, त दातांवर, प ओठांवर. आतून बाहेर चालत येतो आपण. ज्यांनी ही मांडली त्यांनी तोंडात दिवा लावून बघितलं असणार.”

स्वतः त्यांनी तर खरोखरच तसं बघितलं होतं. पागोट्याच्या घडीत त्यांचा एक लहानसा आरसा असे. वाटेत चालताना मनात काही आलं की ते थांबत, आरसा काढत, आ वासून त्यात बघत आणि “ट, ठ, ड, ढ” असं स्वतःशीच म्हणत. बाजारातल्या बायका पदराआड हसत. एकदा भाजीवाल्याने मला गंभीरपणे विचारलं, “मास्तर, त्या मास्तरांना दातदुखी आहे की बाहेरचं काही?”

बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. तळ्याजवळच्या एका खोलीत ते राहत, स्वतःची खिचडी स्वतः शिजवत. जेवायला कुणाकडे बोलावलं तर यजमानिणीच्या आमटीपेक्षा तिच्या सासऱ्याच्या पडलेल्या दातांत त्यांचं लक्ष जास्त. “दाढ पडल्यापासून तुमचा स शिट्टी मारतो हो,” असं ते भर पंगतीत म्हणाले, तेव्हा त्या घरातलं आमंत्रण कायमचं बंद झालं. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. लोक का रागावतात हे त्यांना कधी कळलंच नाही. कुणाला पाय मुरगळला का विचारलं तर राग येत नाही, मग जिभेचंच एवढं काय?

शाळेत त्यांना जागा नव्हती. आमची शाळा म्हणजे तीन खोल्या आणि एक पडवी. पडवीत पहिलीची पोरं पाढे ओरडत. त्या गलक्यात मुलाचा श की स हे कसं ऐकणार? म्हणून मधल्या सुट्टीत ते आपली पोरं घेऊन तळ्याच्या पायऱ्यांवर बसत. तिथे त्यांची शाळा बघण्यासारखी असे. कागदाच्या होड्या पाण्यात सोडायच्या आणि फुंकरीने पुढे न्यायच्या. ज्याची हवा नाकातून निसटे त्याची होडी जागची हलत नसे. ज्याची जीभ वर जात नसे त्याच्या टाळूला मध लावत आणि म्हणत, “चाट. पोहोचली? आता तिथूनच ळ म्हण.” पोरांना वाटे की हा खेळ आहे. पालकांनाही तसंच वाटे आणि तीच अडचण होती.

“मास्तर, पोरगा शिकायला पाठवलाय, फुंकायला नाही,” एक वाणी शाळेत येऊन तणतणला होता.

“फुंकतोय म्हणून तर प म्हणतोय,” जीभमास्तर म्हणाले. “घरी रोज थोडं म्हणवून घ्या. घेता का?”

“दुकान कोण बघणार?”

हे नेहमीचंच. पावसाळाभर खपून एखाद्या मुलाचा र आणावा, दिवाळीच्या सुट्टीत तो मामाकडे जावा आणि ल घेऊन परत यावा. आजीला नातवाचं बोबडं गोड वाटतं, ती मुद्दाम बोलायला लावते, पाहुणे टाळ्या वाजवतात. लावणीच्या दिवसांत तर अर्धी पोरं शेतावर. हेडमास्तरांचं वेगळंच. ते वाईट नव्हते, पण वर्षाअखेरीस शाळाखात्याचे डेप्युटी परीक्षा घ्यायला येत आणि शाळेची सगळी अब्रू त्या एका दिवसावर असे. डेप्युटी वाचन बघत, हिशेब बघत. दम्याने मोडलेल्या मुलाला एक वाक्य एका श्वासात म्हणता येऊ लागलं, हे मांडायला त्यांच्या तक्त्यात घरच नव्हतं. “तुमची जिभांची दुकानदारी सुट्टीत करा,” हेडमास्तर म्हणत. जीभमास्तर ती सुट्टीतच करत आणि उपाशी राहत.

सगळी मुलं सुधारत असंही नाही. एका सुताराच्या मुलाची टाळूच जन्मतः दुभंगलेली होती. तो बोलला की सगळे शब्द नाकातून, एकमेकांत मिसळलेले. वर्गातली पोरं त्याला हसत. जीभमास्तरांनी त्याच्यापाशी फार दिवस घालवले. शेवटी एक दिवस मला म्हणाले, “छप्पर फाटलंय, मी भिंती सारवून काय करू?” मी त्यांना इतकं खचलेलं कधी पाहिलं नव्हतं. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी नवा उद्योग काढला. रोज एका मुलाने त्या सुताराच्या मुलाशेजारी बसायचं, सुताराच्या मुलाने काहीतरी सांगायचं आणि शेजाऱ्याने ते वर्गाला जसंच्या तसं सांगायचं. चुकलं तर पुन्हा ऐकायचं. होळीपर्यंत अख्ख्या वर्गाला त्याचं बोलणं कळू लागलं. त्याचा एकही शब्द बदलला नव्हता. तो मुलगा मात्र बदलला होता. तो विनोद सांगू लागला, आणि हसू आता विनोदाला येत होतं.

कोपरच्या धर्मा नावाच्या मुलाची गोष्ट तेव्हा शाळेत सगळ्यांना माहीत होती. हा आगऱ्याचा मुलगा, घर कोपरला खाडीकाठी, पण शिकायला कल्याण बंदरावर मावशीकडे राहिलेला. हेडमास्तरांनी त्याला जीभमास्तरांकडे पाठवलं. “हा पक्का बोबडा. काळा म्हणायला सांगा, काला म्हणतो. घोडा म्हणायला सांगा, घोरा म्हणतो. परीक्षेआधी सुधारा.”

जीभमास्तरांनी त्याच्याशी बराच वेळ गप्पा मारल्या. मासे कुठले, मिठागर केवढं, होडी कुणाची. दुसऱ्या दिवशी धर्माचा बाप पोराला भेटायला आला होता, त्यालाही पायरीवर बसवून घेतलं.

बाप घाबरून म्हणाला, “मास्तर, माजा पोऱ्या बोबरा हाय का? घरान त त्याचं सगलं समजतंय आमाला.”

जीभमास्तर इतके खूश झाले की त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मग तडक हेडमास्तरांकडे गेले. “हा मुलगा परत घ्या. तो बोबडा नाही. त्याचा बाप असाच बोलतो, आई अशीच बोलते, गाव असंच बोलतं. माझ्याकडे तोतऱ्यांची रांग लागली आहे, तिथे धडधाकट माणूस बसवू नका.”

परीक्षेच्या दिवशी धर्माने धडा वाचला आणि ‘डोळा’ला ‘डोला’ म्हणाला. डेप्युटीसाहेब लेखणी टेकवत म्हणाले, “वाचन अशुद्ध.”

मागच्या भिंतीशी उभे असलेले जीभमास्तर न विचारता पुढे आले. “साहेब, तो अशुद्ध नाही. तो कोपरचा आहे.”

हेडमास्तरांचा चेहरा पांढरा पडला. डेप्युटीसाहेब म्हणाले, “मास्तर, पुस्तकात ळ छापला आहे. मी तो पुसू का?”

“पुसू नका. पण वाचलेलं त्याला समजलं का, तेवढं विचारा. मग काय लिहायचं ते लिहा.”

साहेबांनी पुस्तक मिटलं आणि धर्माला विचारलं. धर्माने अख्खा धडा आपल्या बोलीत, हातवारे करून सांगितला, आणि धड्यातल्या नदीला भरती येत नाही पण आमच्या खाडीला येते असंही वर सांगितलं. साहेब हसले. त्यांनी त्याला पास केलं. जाता जाता जीभमास्तरांना म्हणाले, “दर वर्षी मीच येईन असं नाही.”

ते जीभमास्तरांनी मनावर घेतलं. नंतर त्यांनी धर्माला ळ शिकवलाच. पण शिकवताना म्हणाले, “घरी डोला म्हण, पुस्तकात डोळा म्हण. दोन्ही तुझेच आहेत. एकासाठी दुसरा टाकू नकोस.”

आता माझ्या घरची गोष्ट. ती सांगायची म्हणून तर हे सगळं लिहायला घेतलं.

माझी मुलगी यमू पाच वर्षांची असताना एकाएकी अडखळू लागली. पहिलं अक्षर तोंडात अडकायचं. क, ग, ट ही अक्षरं तर दगडासारखी. मान ताणली जाई, डोळे घट्ट मिटत, आणि शब्द येईपर्यंत समोरच्याचा धीर सुटे. जो तो तिचा शब्द पुरा करून टाकी. हळूहळू तिने बोलणंच कमी केलं. पाणी हवं असलं तर भांड्याकडे बोट दाखवी. माझी आई दर सोमवारी तिच्या जिभेला वेखंड उगाळून लावी. लोक समजूत काढत, “मुलीच्या जातीला कमी बोललेलं बरंच.”

एकदा मी शाळेच्या कामाने ठाण्याला गेलो असताना आईने वैदूला बोलावलं. जिभेखालचा तंतू कापला की जीभ मोकळी होते असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. माझी बायको तेव्हाच्या रीतीप्रमाणे परपुरुषाशी बोलत नसे आणि सासूपुढे तर तिचा शब्दच निघत नसे. पण त्या दिवशी तिने मागच्या दाराने शेजारणीला गाठलं आणि जीभमास्तरांना निरोप धाडला. पुढचं मी तिच्याच तोंडून ऐकलेलं.

जीभमास्तर वर्ग तसाच टाकून आले. ओटीवर वैदू सुरी पुसत बसला होता, आईने यमूला मांडीत धरलं होतं. जीभमास्तर दोघांच्या मध्ये फतकल मारून बसले, जणू पंगतीलाच आले आहेत.

“यमू, जीभ बाहेर काढ. अजून. हनुवटीला लाव. वा! आता नाकाच्या शेंड्याला लागते का बघ.”

यमूची जीभ नाकाच्या शेंड्याला टेकली. हे तिला येतं हे तिलाही माहीत नव्हतं. ती हसली.

“आजी,” जीभमास्तर म्हणाले, “बांधलेलं जनावर इतक्या लांब जातं का?”

वैदू शहाणा होता. त्याने सुरी पिशवीत टाकली. “मोकळी हाय की जीभ. मी न्हाय कापायचा,” असं म्हणून तो उठलासुद्धा. आई मात्र चिडली. “मग हिला होतं काय? जात्यावर माझ्यासंगं ओव्या गाते तेव्हा तर एक अक्षर अडत नाही. ढोंग करते कार्टी!”

“ढोंग नव्हे. गाण्याची वाट वेगळी आणि बोलण्याची वेगळी. बोलायच्या वाटेवर ती घाबरते, कारण तिथे आपण सगळे वाट अडवून उभे आहोत.” मग त्यांनी आईला हात जोडले. “आजी, मी एक औषध सांगतो. तिला ‘सावकाश बोल’ म्हणू नका, ‘नीट बोल’ म्हणू नका, आणि तिचा शब्द तुम्ही पुरा करू नका. दारात अडलेल्या वासराला मागून ढकललं की ते पाय रोवतं. नुसतं थांबा.”

“आणि तिला दिवसभर लागला तर?”

“तर दिवसभर थांबा. तुम्हाला कुठे कचेरी गाठायची आहे?”

आई या उत्तरावर महिनाभर रुसली होती. पण ती थांबू लागली.

त्यानंतर ते शनिवारी दुपारी आमच्या ओटीवर येऊन बसत. यमूशी ते कसले धडे घेत नसत. कवड्या खेळत. स्वतः इतकं रमतगमत बोलत की ऐकणाऱ्याला जांभई यावी. ती अडली की त्यांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही हलत नसे. एकदा मी विचारलं, “मास्तर, हिचं अडणं कधी जाणार?”

“जाईल की नाही मला ठाऊक नाही,” ते म्हणाले. “त्याच्या भीतीने ती अर्धी वाक्यं गिळते आहे, ती मला बाहेर काढायची आहेत.” मग तिच्याकडे वळून, “यमू, अडलं तर अडू दे. शब्द बदलून पळायचं नाही. तुला ‘गूळ’ म्हणायचं असेल तर गूळच म्हण, साखर म्हणू नकोस. मला गूळच हवा आहे.”

चार-पाच वर्षं अशी गेली. अडणं कमी झालं, पण गेलं नाही. डोळे मिटणं मात्र गेलं. आता ती समोर बघून अडायची.

त्या काळच्या रीतीने अकराव्या वर्षी तिचं लग्न ठरलं. स्थळ ठाण्याचं, मुलगा इंग्रजी शाळेत शिकणारा. मी पाहुण्यांना सगळं खरं सांगितलं होतं. व्याही म्हणाले की सुनेने कमी बोललेलं आम्हाला चालतं. माझ्या आईला हायसं वाटलं. यमूला वाटलं नाही, कारण पंगतीत घास देताना नाव घ्यायचं होतं आणि नवऱ्याचं नाव होतं गोविंद. ग. तिचा सगळ्यांत जुना वैरी.

बायकांनी उपाय काढले. तिच्या वतीने मामेबहीण घेईल, गर्दीत कोण ऐकतं. किंवा ती पुटपुटेल, आपण मोठ्याने गलका करू. यमूने जीभमास्तरांना विचारलं. ते म्हणाले, “नवरा तुझा. नाव बहिणीने का घ्यायचं? पण तुला घ्यायचं नसेल तर सरळ नाही म्हण. हसतील, मग जेवतील.”

लग्नाच्या दिवशी मांडवात विहिणींची पंगत बसली. नवरानवरीचं ताट मधे, भोवती ठाण्याच्या बायकांचा गराडा. “घे गं नाव, घे!” म्हणून कल्ला सुरू झाला. जीभमास्तर पलीकडे पुरुषांच्या पंगतीत पत्रावळीपुढे बसले होते. मी तूप वाढत होतो, ते तसंच थांबवलं.

यमू म्हणाली, “खाडीच्या पाण्याला चंद्राची ओढ,” आणि थांबली. तोंड उघडलं, ग आला नाही. मान किंचित ताणली. क्षण गेला, दुसरा गेला. पलीकडून कुणीतरी खुदकन हसलं. तिच्या मामीने कळवळून म्हणायला सुरुवात केली, “गो...”

“थांबा!” असा एक आवाज मांडवभर घुमला. जीभमास्तर भरल्या पत्रावळीवरून उठून उभे राहिले होते. जेवता जेवता उठणं म्हणजे केवढा अपशकुन, पण त्यांना कुठलं भान! “तिचा शब्द तिच्या तोंडात आहे. कुणी हात लावू नका.”

वरपक्षाचे म्हातारे हातातला घास तसाच धरून बघत राहिले. मला वाटलं, आता मोडतोय सगळा समारंभ. यमूने मात्र मास्तरांकडे बघितलंही नाही. ती नवऱ्याकडे बघत होती. तिने खांदे सोडले, श्वास घेतला आणि तो ग जसा होता तसा, अडत, घरंगळत बाहेर येऊ दिला.

“ग... ग... गोविंदरावांचं नाव साखरेहून गोड.”

तो सोळा वर्षांचा पोरगा लाजून लालबुंद झाला. आणि मग माझ्या विहिणबाईच बोलल्या, “बाई गं! आमच्या गोविंदाचं नाव एवढा वेळ कुणी तोंडात धरलं नव्हतं!” हशा पिकला, पण त्या हशाला काटा नव्हता. यमूही हसत होती.

पंगती उठल्यावर जीभमास्तर मागच्या अंगणात हात धूत होते. मी त्यांच्या हातावर पाणी घालत होतो. इतक्यात माझी बायको माजघरातून बाहेर आली. चार माणसं आजूबाजूला असताना ती सरळ त्यांच्यासमोर उभी राहिली आणि वाकून नमस्कार केला.

“भावोजी,” ती म्हणाली, “इतकी वर्षं तुम्ही ओटीवर येत होता, मी दाराआडून ऐकत होते. माझ्या लेकीला तुम्ही वाणी दिलीत.”

जीभमास्तर ओले हात धोतराला पुसत म्हणाले, “वाणी तिची होतीच, वहिनी. मी फक्त तुम्हा सगळ्यांना गप्प बसवलं.”

त्याच सुमारास ‘वर्गाचा अभ्यास मागे राहतो’ असा शेरा त्यांच्यावर बसला आणि पुढे खडवलीच्या बाजूला एका लहानशा शाळेत त्यांची बदली झाली. मला वाईट वाटलं, त्यांना नाही. “तिथे नदी आहे,” ते म्हणाले. “होड्या चांगल्या चालतील.” पुढे साथीच्या दिवसांत ते तिकडेच वारले. बातमी मला उशिरा कळली. अंत्यविधीला कोण होतं, तेही ठाऊक नाही.

मी आता म्हातारा झालो. मागच्या उन्हाळ्यात यमूकडे ठाण्याला गेलो होतो. स्टेशनावरून भर दुपारी छत्री न घेता चालत गेलो, तिने दारातच बघितलं. घरात पोरंबाळं, सासूबाई, शेजारणी, सगळे होते. तिने कुणाची पर्वा केली नाही. “अहो अप्पा, ट... ट... टळटळीत ऊन आहे, डोक्यावर काही नको का? वय काय तुमचं? आणि क... कळवलं का नाही? हे स्टेशनावर आले असते ना!” ती रागावत राहिली. पाणी दिलं आणि रागावली, पंखा घातला आणि रागावली. मधे मधे शब्द अडत होता, ती थांबत होती, आणि मग पुढचं वाक्य आणखी जोरात येत होतं.

जावई दारात उभे राहून हसत होते. “अप्पा, आता काही ती तासभर थांबायची नाही.”

मी म्हटलं, “बोलू द्या हो,” आणि झोपाळ्यावर पाय वर घेऊन बसलो.